बॅकटेस्टचं व्हाउचर

रविवारी ज्या माणसाने माझी अक्कल काढली त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो फॉरवर्ड करता येत नाही, आणि तेच जास्त झोंबलंय.

मी आणि पक्या, आमचा दोघांचा अल्गो आहे, म्हणजे बाजारात आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, भांडवल अर्धं-अर्धं. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी सकाळी ९:२० ला निफ्टीचा स्ट्रॅडल (एकाच भावाचे कॉल आणि पुट ऑप्शन जोडीने) विकायचा, दुपारी काढायचा, विषय संपला. गेल्या महिन्यात बॅकटेस्टचा, म्हणजे हाच कोड जुन्या भावांवर चालवून बघितल्याचा, ग्राफ असला भारी आला होता की पक्याने तो वॉलपेपरला लावला. रविवारी तोच परत रन केला तर ग्राफ आडवा. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघतोय, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका वायफाय मागायला आले. काका बँकेच्या ऑडिटमधून रिटायर झालेत, म्हणजे बँकेने केलंय, त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

"हा आकडा कशातून आला?" काकांनी पक्याच्या वॉलपेपरवर बोट ठेवलं.

"कोडमधून, काका."

"ह्या कोडमधून तर हा आडवा आलाय. मग तो उभा कशातून आला?"

"जुन्यातून."

"दाखव जुना."

पक्या म्हणाला, "काका, तो ओव्हरराइट झाला." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. (चहा कोणी दिला, कधी दिला, मला माहीत नाही, बायको त्यांना बघितलं की आधण ठेवते.)

"म्हणजे एंट्री आहे, तिच्या पुराव्याचं व्हाउचर नाही."

"अहो काका, ही बँक नाहीये."

"बनवणारा कोण?"

"पक्या."

"तपासणारा?"

"मी. पण हा मला न सांगता बदलतो ना!"

"मग हा नफा हिशेब लागेपर्यंत सस्पेन्स खात्याला टाका," असं म्हणून काकांनी माझ्या विजेच्या बिलाच्या मागे खरंच तीन रकाने आखले, बनवणारा, तपासणारा, मंजूर करणारा, आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःची सही ठोकली. बिल अजून भरायचं होतं.

आता मुद्दा असा आहे की कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट मीच बसवून दिलं होतं. ते २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने बनवलं, लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे गाभा, लिहिणारे जगभरातले हजारो लोक त्याच्यावर गुण्यागोविंदाने नांदतात आणि इथे एका सोफ्यावरच्या दोघांचं जमत नाही. पक्या आठवडाभराचे बदल एकदम ढकलतो आणि मेसेजमध्ये लिहितो "चेंजेस". पुढच्या वेळी "चेंजेस २". मधे काय काय करून पाहिलं ते गायब. डेटाची सीएसव्ही फाइल जड म्हणून गिटच्या बाहेर, आणि त्याच नावाने तिच्यावर नवीन डाउनलोड. म्हणजे जुना कोड उद्या सापडला तरी तो कुठल्या डेटावर चालवला होता ते कोण सांगणार, काकांची सही?

आणि बदल तरी कसले! सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारी गेली, तर ह्याने कोडमध्ये गुरुवार खोडून मंगळवार लिहिला. तारखेची अट वगैरे काही नाही. झालं, २०२३ सालच्या सगळ्या एक्स्पायऱ्याही मंगळवारी! त्याआधी लॉट साइज, म्हणजे एका लॉटमध्ये किती नग. २०२३ मध्ये ५० चा लॉट होता, एप्रिल २०२४ मध्ये २५ झाला, नोव्हेंबरात ७५. ह्याने सगळीकडे ७५ घातलेला, म्हणजे २०२३ चा नफा बसल्या जागी दीडपट आणि मधल्या काही महिन्यांचा तिप्पट. वॉलपेपरवर आहे ते बहुतेक हे. म्हणजे आडवा ग्राफ खोटा आणि उभाही खोटाच.

तर इज्जत वाचवायला मी काकांना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. म्हटलं, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची एवढी मोठी कंपनी, १ ऑगस्ट २०१२, आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एकावर जुनाच राहिला, आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. होतं असं, भल्याभल्यांचं होतं. काका शांतपणे म्हणाले, "त्या आठव्याचा तपासणारा कोण होता?"

वैताग म्हणजे पुढे चौकशीत निघालंही तेच, दुसऱ्या कोणी तपासलंच नव्हतं आणि तपासायचा लेखी नियमही नव्हता. हे मी काकांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

माझं म्हणणं एवढंच की हेच सगळं मी पक्याच्या मागे लागून लागून सांगत होतो. प्रत्येक रनसोबत कमिटचा, म्हणजे गिटमधल्या नोंदीचा, नंबर लिही, डेटाची तारीख लिही, स्लिपेज (धरलेला भाव आणि मिळणारा भाव ह्यांतला फरक) किती धरलं ते लिही. तेव्हा "हो रे भावा, करू" आणि परत "चेंजेस". मी सांगितलं की किरकिर, काकांनी सांगितलं की अनुभवाचे बोल! रविवारी रात्रीच गठ्ठ्याने कमिट आला, मेसेज होता "काकांनी सांगितल्याप्रमाणे बदल".

काय बदल ते लिहिलेलं नाही.