म्हणे मोठा व्हॉल्व्ह टाका आणि ३० टक्के पॉवर घ्या

पुण्यातल्या बायकर ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही चार ठिकाणांहून आला असेल. थोडक्यात असा: कंपनी मायलेजसाठी इंजिनचा गळा दाबून ठेवते, तेव्हा हेड (इंजिनचं डोकं, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह इथेच असतात) उतरवा, मोठे व्हॉल्व्ह बसवा, जितका मोठा तितकी हवा जास्त, एक्झॉस्टचा (जळलेला गॅस बाहेर सोडणारा) व्हॉल्व्हही तेवढाच मोठा करा, पोर्ट, म्हणजे हेडमधले हवेचे मार्ग, मोठे करून आरशासारखे पॉलिश करा, ३५० च्या बुलेटला ३० टक्के पॉवर आरामात वाढते, जमलं तर ५०० चं हेडच चढवा, आणि हेड निवडताना फ्लोबेंचचा (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा ज्याचा मोठा ते डोळे झाकून घ्या. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. लोकांनी केलंही. आता नाना पेठेत काउंटरवर पोरं ‘मोठा व्हॉल्व्ह आहे का’ एवढंच विचारतात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, बोअर (सिलेंडरचा व्यास) किती, गाडी कुठे चालवायचीय, कशाचा पत्ता नाही.

आरएक्स १०० वाल्यांनी इथूनच घरी जावं, तुमच्या टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, तुमची भांडणं वेगळी.

‘३० टक्के पॉवर आरामात.’ हा आकडा आधी घेऊ कारण बाकी सगळं त्याच्याच जोरावर चाललंय. जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) क्लासिक ३५० चं माप ७० बाय ९०, म्हणजे बोअर ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९०, पॉवर १९.८ बीएचपी ५२५० आरपीएमला. ३० टक्के म्हणजे साधारण २६ बीएचपी. आता पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम, तिसरं काही नाही. त्याच ५२५० ला २६ हवे असतील तर तिथला टॉर्क २७ एनएमवरून ३५ च्या वर न्यावा लागेल, आणि एवढा टॉर्क ३४६ सीसीच्या टू-व्हॉल्व्ह एअर-कूल्ड इंजिनमधून त्या आरपीएमला काढणं हे रेसिंग इंजिनवाल्यांचं काम आहे, गल्लीतल्या ग्राइंडरचं नाही. टॉर्क तेवढाच ठेवून आरपीएम वाढवायचे म्हणाल तर ६८०० च्या वर जावं लागतं, आणि ९० च्या स्ट्रोकला तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या पुढे जातो. कंपनीने तो पावणेसोळाच्या आसपास ठेवलाय. तो जड क्रँक, ती कनेक्टिंग रॉड, सगळं त्या हिशोबाने आहे.

आणि ३० टक्के खरोखर कसे वाढतात याचं उदाहरण आपल्या आकुर्डीच्या बजाजनेच दाखवून ठेवलंय. जुनी पल्सर २०० डीटीएस-आय, १९८.८ सीसी, १८ पीएस (बीएचपीसारखंच पॉवरचं माप) ८००० ला. २०१२ ची २०० एनएस, १९९.५ सीसी, २३.५ पीएस ९५०० ला. सीसी जवळजवळ तेवढीच, पॉवर बरोबर ३० टक्के जास्त. पण त्यासाठी काय काय बदललं बघा: बोअर ६७ चा ७२ झाला, स्ट्रोक ५६.४ वरून ४९ वर आला, हेड चार व्हॉल्व्हचं, तीन स्पार्क प्लग, लिक्विड कूलिंग, सहा गिअर. थोडक्यात इंजिनच नवीन. गंमत म्हणजे पिस्टनचा वेग दोन्हींचा १५ ते १५.५ मीटरमध्येच येतो. त्यांनी आधी स्ट्रोक कमी करून आरपीएम वाढवायला जागा केली, आणि त्या आरपीएमला लागेल एवढी हवा घेणारं हेड बसवलं. मेसेजवाल्याने नेमका हाच क्रम उलटा केलाय.

‘कंपनी गळा दाबून ठेवते.’ अर्धं खरं. एअर फिल्टर, सायलेन्सर, इग्निशनचं टायमिंग यात कंपनी हात राखून असते, कारण तिला धूर, आवाज, तापमान आणि वॉरंटी सगळं सांभाळायचं असतं. पण हे सगळं हेडच्या बाहेर आहे. व्हॉल्व्ह लहान ठेवण्यात मायलेजचा कट नसतो, तो त्या कॅमला आणि त्या आरपीएमला पुरेल एवढा ठेवलेला असतो.

‘व्हॉल्व्ह जितका मोठा तितकी हवा जास्त.’ समजा ३५ मिमीच्या जागी ३८ चा इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) टाकला. तबकडीचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्के वाढतं आणि हाच आकडा सगळे मिरवतात. पण व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा हवा तबकडीतून जात नाही हो, ती कडेच्या फटीतून जाते, आणि फटीचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते). कॅम तोच असेल तर ती फट साडेआठ टक्केच वाढते. फट आणि तबकडी बरोबरीला येतात ती लिफ्ट व्यासाच्या पाव भागाएवढी झाल्यावर, आणि व्हॉल्व्ह उघडताना आणि बंद होताना बराच वेळ त्याच्या खालीच असतो. शिवाय सीटखालचा (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याखालचा) घसा तेवढाच ठेवला तर पूर्ण लिफ्टला हवा तिथे अडतेच. शिवाय ७० च्या बोअरमध्ये तबकडीची कड चहूबाजूंनी दीड मिमी बाहेर सरकते, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीच्या आणखी जवळ, त्या बाजूने हवा धड आत येतच नाही.

आता वेगाचं बघू. ३००० आरपीएमला या इंजिनात पिस्टन सेकंदाला ९ मीटर चालतो. ३५ च्या व्हॉल्व्हपाशी हवेचा सरासरी वेग ३६ मीटर येतो, ३८ ला साडेतीस. म्हणजे कर्वे रोडला, कात्रज चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, जिथे आपण गाडी खरोखर चालवतो तिथे वेग १५ टक्के पडला. हवेचा वेग असतो म्हणूनच पिस्टन खालून परत वर निघाला तरी सिलेंडर भरत राहतो, पेट्रोल नीट फुटतं. तो गेला की लोक म्हणतात ‘वरती भारी ओढते पण पिकअप गेला’. गेलाच ना, विकलात तुम्ही तो. आणि बुलेट घेऊन ‘वरती’ तुम्ही दिवसातून किती वेळा जाता?

चार व्हॉल्व्ह काढले लोकांनी ते याच भानगडीपायी. ३८ चा एक आणि २८ चे दोन धरा, तबकड्यांचं क्षेत्रफळ जेमतेम साडेआठ टक्के वाढतं, पण परीघ ४७ टक्क्यांनी वाढतो, आणि एकेक व्हॉल्व्ह हलका राहतो म्हणून स्प्रिंग त्याला वरच्या आरपीएमलाही कॅमच्या मागे धरून ठेवते. जड व्हॉल्व्ह जुन्याच स्प्रिंगवर ठेवलात तर तो हवेत तरंगतो, मग पिस्टनची आणि त्याची भेट कधी होईल सांगता येत नाही.

‘एक्झॉस्टही तेवढाच मोठा करा.’ गरज नाही. जळलेला गॅस दाबाने स्वतःच बाहेर पळतो, इनटेकच्या ७५ ते ८० टक्के फ्लो मिळाला तरी चालतं. उगाच मोठा केला की इनटेकची जागा खातो, आणि तापतो तो वेगळाच.

‘पोर्ट आरशासारखा हवा.’ एक्झॉस्टचा करा, कार्बन कमी चिकटेल, दिसेलही छान. कार्ब्युरेटरच्या गाडीत इनटेक आरसा केला तर पेट्रोल भिंतीवर पातळ थर धरून वाहतं आणि थेंब थेंब आत जातं, थोडा खरखरीतपणा असेल तर ते भिंतीवरून परत हवेत उचललं जातं. तिथे ८० नंबरच्या सँडपेपरचा हात पुरे.

‘५०० चं हेड चढवा.’ ५०० चा बोअर ८४. त्या मापाची चेंबर (हेडमधली पेट्रोल जळायची पोकळी) ७० वर ठेवली की कड बोअरच्या बाहेर लटकते, आणि ते एक वेळ निस्तरलं तरी कॉम्प्रेशनचं (हवा किती पट दाबली जाते त्याचं) काय? ३४६ सीसीला ८.५ कॉम्प्रेशन म्हणजे चेंबर ४६ सीसीची. ती फक्त ८ सीसीने वाढली तरी कॉम्प्रेशन ७.४ वर येतं. पैसे देऊन पॉवर कमी करून घेण्याचा हा सगळ्यात महागडा प्रकार असावा.

‘फ्लोबेंचचा आकडा मोठा ते हेड.’ किती दाबाला मोजलं ते आधी विचारा. १० इंच पाण्याच्या दाबाला ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) देणारं हेड २८ इंचाला साधारण १०० दाखवतं. हेड तेच, काडीचा बदल नाही! आणि कुठल्या लिफ्टला मोजलं? तुमचा कॅम ८ मिमी उचलत असेल तर १२ मिमीचा आकडा घेऊन काय लोणचं घालायचंय?

मग करायचं काय, असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं एकच, आधी आहे त्याच व्हॉल्व्हला सीट नीट कापून घ्या. ३०, ४५, ६० असे तीन अँगल, मधली ४५ ची पट्टी साधारण सव्वा मिमी, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ढिली असेल तर ती आधी बदलून, कारण ढिल्या गाइडवर कापलेली सीट वाकडीच येते. निळी शाई लावून व्हॉल्व्ह टेकवा, पट्टी अखंड उमटली पाहिजे. मग स्प्रिंग लावून पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि चेंबरकडून बघा, कडेला ओल दिसली तर काम परत. बऱ्याच गाड्यांची ‘मेलेली’ पॉवर इथेच परत येते.

मोठा व्हॉल्व्ह घ्यायचा तो बोअर वाढवलाय, कॅम बदललाय आणि गाडी खरंच वरच्या आरपीएमला राहणार आहे तेव्हा, बाकी सगळं ठरल्यावर आणि शेवटी. तेव्हाही हेड कायमचं आवळण्याआधी पोरांची खेळायची क्ले पिस्टनवर थापा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा, टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि हेड काढून क्ले ब्लेडने कापून जाडी मोजा, तेवढंच पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच, याच्या खाली निघाली तर मेकॅनिक ‘चालतंय’ म्हणाला तरी हेड बसवू देऊ नका, पिस्टनला पॉकेट (व्हॉल्व्हसाठी खाच) मारून आणा आणि परत क्ले लावून बघा.