बरणीत बोट

आईचा दंडक होता, लोणचं मुरल्याशिवाय बरणी उघडायची नाही. मी तिसऱ्याच दिवशी बोट घालून चाखायचो. ही खोड संगणकासाठी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना आडवी येईल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल!

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एखादा तयार अवतार, वॉलपेपर बघून पसंत करायची, अशी माझी समजूत. पण पत्रिका जुळवायची ती अपडेटची. डेबियन आईच्या पंथातलं. साधारण दोन वर्षांनी एक स्टेबल, म्हणजे मुरलेली, आवृत्ती. 2023 साली बारावी, 2025 साली तेरावी. मधे सुरक्षेच्या आणि मोठ्या चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या. आवृत्त्यांना नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची (तेरावी ती 'ट्रिक्सी'), आणि कायम अस्थिर असलेल्या शाखेचं नाव सिड, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतकी प्रामाणिक पाटी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी, प्रत्येक आवृत्ती सांभाळणार जेमतेम 13 महिने. आपला भाडेकरार 11 महिन्यांचा, त्यापेक्षा बरं एवढंच.

मी अर्थात रोलिंग घेतली. कुठली ते सांगत नाही, तिचे भक्त फार. तिच्यात आवृत्ती नसतेच, दुधाच्या पिशवीसारखं रोज सकाळी ताजं. अपडेट करण्याआधी त्यांच्या सूचना वाचाव्यात म्हणतात. मी राशिभविष्य वाचायचो.

सोसायटीची वार्षिक सभा दहाला. खजिनदार मी, हिशेब प्रोजेक्टरवर दाखवायचा. साडेनऊला मी अपडेट मारला. का, ते विचारू नका. रीबूट केल्यावर पडदा काळा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. नव्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, ग्राफिक्स ड्रायव्हरशी बिनसलं होतं.

"टाकीच्या खर्चाचा तक्ता हाच का?" बी विंगमधल्या काकांनी विचारलं.

बायकोने आपला लॅपटॉप आणला. त्यावर डेबियन मीच घातलेलं, प्रयोग नकोत म्हणून. पेनड्राइव्ह लावला, हिशेब उघडला, सभा पार पडली.

"तुझ्यात काय नवीन होतं रे एवढं?" बायकोने विचारलं.

"सगळंच."

"फक्त चालू होत नव्हतं."

आता माझ्याकडेही डेबियन आहे. तीन आठवडे झाले, काही म्हणता काही बिघडत नाही. सकाळी चहा घेऊन बसतो, अपडेट बघतो. आज काही नाही. पुन्हा बघतो, चुकून आलं असेल तर. नाही.

काल रात्री, अपडेट कुठल्या शाखेतून घ्यायचे ते ठरवणारी सोर्सेसची फाइल उघडली, 'ट्रिक्सी' खोडून तिथे 'सिड' लिहिलं.

अजून सेव्ह केलेली नाही.