वटवाघळांच्या प्रदर्शनावरचा तो फॉरवर्ड, एकेक मुद्दा घेऊ की

सोसायटीचा ग्रुप, शाळेचा पालक ग्रुप, भावकीचा ग्रुप, सगळीकडं एकच मेसेज फिरालाय. "सोलापूरकरांनो सावधान! वटवाघळांचं फिरतं म्युझियम प्रदर्शन शहरात आलंय, लेकरांना पाठवू नका. वटवाघूळ आंधळं असतं, रक्त पितं, केसात अडकतं, कोरोना आणि निपाह त्याच्यामुळंच आला, डाळिंब-द्राक्षाच्या बागा तेच संपवतंय, घरात शिरलं तर घराचं वाटोळं. प्रदर्शन बंद पाडा, झाडावरची पण फटाके लावून हाकला." खाली हात जोडलेले आणि जास्तीत जास्त शेअर करा. मी प्रदर्शन बघून आलोय, लिहिणारा गेलेला नाय हे पहिल्याच ओळीत कळतं.

कारण आत जिवंत वटवाघूळ एकपण नाय. मॉडेल आहेत, सांगाडे आहेत, बाटलीत जपलेले नमुने आहेत, माहितीचे बोर्ड आहेत, आणि एक मशीन आहे जे त्यांचा आवाज आपल्या कानाला झेपेल इतका खाली आणून ऐकवतं. फायबरच्या मॉडेलपासून निपाह होत नाय बे. लेकरांना खुशाल पाठवा.

आता निपाह. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच, फॉरवर्डमध्ये जेवढं खरं आहे ते इथंच आहे. निपाहचा विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत राहतो. १९९८-९९ ला मलेशियात तो डुकरांमार्फत माणसांत आला, बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून येतो कारण रात्री मडक्याला वटवाघळं तोंड लावतात, आणि २०१८ ला केरळात कोझिकोडला माणसं गेली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आपल्या राज्यातलं पण सांगतो, लपवायचं कशाला, पुण्याच्या एनआयव्हीवाल्यांनी (विषाणूंवर संशोधन करणारी सरकारी संस्था) २०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं पकडून तपासली तर काहींच्या अंगात निपाहच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे त्यांचा त्या विषाणूशी कधीतरी संबंध आला होता. त्यावरून "महाराष्ट्रात निपाह पसरला" अशा बातम्या फिरल्या, तसं काही झालेलं नव्हतं. यातून घ्यायचं काय तर झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाय, बाकी फळ धुऊन खायचं, आणि पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाय. आणि फटाके लावून हाकलायची आयडिया तर याच्या बरोब्बर उलटी आहे, एका झाडावर गप पडून असलेला थवा उठवायचा, घाबरवायचा, गावभर पांगवायचा, म्हणजे जो संपर्क टाळायचाय तोच वाढवायचा. घाबरलेल्या, उपाशी जनावराच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडू शकतात असं यावर काम करणारे पण सांगतात.

कोरोनाचं म्हणाल तर त्या विषाणूचा जवळचा भाऊबंद चीनच्या युनानमधल्या वटवाघळात सापडला, सुमारे ९६ टक्के सारखा, हे खरं. पण तो माणसापर्यंत नेमका कुठल्या वाटेनं आला यावर अजून भांडण चालूय. विजापूर वेशीतल्या पिंपळावरच्या वटवाघळाला त्यात आरोपी करण्यात काय अर्थ आहे.

रक्त पिणारं वटवाघूळ असतं. जगात चौदाशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या फक्त तीन रक्तावर जगतात आणि तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत. सोलापुरातनं व्हिसा काढून जावं लागंल चावून घ्यायला.

आंधळं? आपल्याकडचं मोठं वटवाघूळ, पंख पसरले की चार-पाच फूट भरतं ते, डोळ्यांनी बघून आणि वासावर फळ शोधतं, आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडणारी ती बारकी किडेखाऊ, आणि त्यांनापण डोळे असतात. केसात अडकायचं पण तसंच, अंधारात बारीक तारसुद्धा चुकवणाऱ्या प्राण्याला तुमचं अख्खं डोकं दिसणार नाय होय? डोक्याभोवती डास जमतात, त्याला पकडायला ते जवळनं जातं, आपण ओरडतो.

ग्रुपवर एका काकांनी वर भर घातली की वटवाघूळ तोंडानंच शी करतं. हे लहानपणापासून ऐकलेलं. होतं काय, फळखाऊ वटवाघूळ फळ चावून रस गिळतं आणि चोथ्याचा गोळा थुंकतं, खाली उभ्या माणसाला वाटतं तोंडातनंच पडली. मोठी वटवाघळं त्या कामापुरती पंखावरच्या अंगठ्याच्या नखांनी लटकून सरळ होतात आणि मग परत उलटी. काका, सवड काढून बघा एकदा.

बागेचा मुद्दा मात्र शेतकऱ्याच्या पोटाचा आहे, तिथं जोक नको. वटवाघळं द्राक्ष खातात, पिकलेलं इतर फळ पण खातात, नुकसान करतात. नान्नजकडच्या द्राक्षवाल्याला "निसर्गाचा समतोल" ऐकवायला जाऊ नका, तो बरोबर चिडंल. पण डाळिंबात रात्री होणारं सगळं नुकसान वटवाघळाच्या नावावर टाकणं चूक आहे, कारण तिथं दुसरा चोर आहे, फळातला रस शोषणारा पतंग. तो रात्रीच येतो, सालीला सुईएवढं भोक पाडतो, आणि त्या भोकाभोवती फळ सडत जातं. वटवाघळाचं काम वेगळं, फळ कुरतडलेलं, दाताच्या खुणा, नाहीतर फळच गायब. सकाळी फळ हातात घेऊन बघितलं की कळतं. पतंगासाठी बांधावरची गुळवेल, वासनवेल काढायची कारण त्याची अळी तिच्यावर वाढते, पडलेली फळं वेचून पुरायची; वटवाघळासाठी जाळी, क्रॉप कव्हर. आणि गंमत अशी की पतंग हेच किडेखाऊ वटवाघळांचं रोजचं जेवण आहे, म्हणजे सरसकट हाकलायला गेलात तर राखणदारपण जाणार.

आता आपल्या बाजूच्यांना पण एक सांगतो. उत्तर म्हणून काहीजण "एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं" असं फिरवालेत, ते थांबवा. तो आकडा बंद खोलीतल्या जुन्या प्रयोगावरून, मिनिटाला किती किडे टिपले त्याला साठनं गुणून फुगवलेला आहे. बाहेर ते डास खातात, पण पतंग, भुंगेरे, वाळवीचे पंखवाले किडे, जे मिळंल ते खातात. त्यांच्या भरवशावर साठलेलं पाणी तसंच ठेवलं तर डेंग्यू होईलच.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या सोबत उपद्रवी यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. "ते तर उपद्रवी आहे, मारा" म्हणणारा जुन्या यादीवर बोलतोय. वटवाघळाच्या तेलासाठी मारणाऱ्यांना पण हे सांगा, सांधेदुखीवर त्या तेलाचा काही उपयोग होतो असा पुरावा नाय.

राहिलं घरात शिरल्यावर वाटोळं होतं ते. शिरतं कारण दिव्याभोवतीच्या किड्यांमागं आलेलं असतं नाहीतर वाट चुकलेलं पिल्लू असतं. झाडू घेऊन मागं लागू नका. पंखा आधी बंद करा, कारण खरं वाटोळं पंख्यानं होतं, त्याचं. खोलीतला लाईट घालवा, खिडक्या उघडा, दार लावून बाहेर थांबा, बहुतेक वेळा आपोआप जातं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडं जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं, हळद-बिळद लावत बसायचं नाय.