दोनच टाके

"मामा, दोनच टाके घालूचे आसत," असं म्हणत भाच्यानं पडवीत जे आणून टाकलं, ते आधी मला झोपलेलं रेडकू वाटलं. मग मीठ, मासळी आणि पेट्रोल असा तिपेडी वास आला. ते त्याच्या बोटीचं छप्पर होतं.

भाचा मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांची ने-आण करतो. पावसाळ्यात ती बंद असते, बोट काठावर असते आणि त्या दिवसांत त्याला नातेवाईक आठवतात. ऑगस्ट संपत आला होता. सोफ्याच्या गाद्या शिवणाऱ्यानं छपराचे साडेचार हजार सांगितले होते. "आणि मामीची मशीन आसा मा घरात!"

मशीन मामीची, हे त्यानं बरोबर सांगितलं. काळी, सोनेरी नक्षीची, पायानं चालवायची. माझ्या सासूबाईंची. तिनं आयुष्यभर परकर, झबली आणि उशांचे अभ्रे शिवले. जास्तीत जास्त जाड काम म्हणजे गोधडी. ही बोलली ते एवढंच: "शिवा. पण मशीनच्या जिवाला काही झालं, तर तुम्हाला याच ताडपत्रीत गुंडाळून ठेवीन."

"ताडपत्री नव्हे, कॅनव्हास," मी म्हणालो. निवृत्त माणसाला चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी हे कापड भांगेच्या झाडाच्या वाखापासून विणत, म्हणून कॅनॅबिसवरून कॅनव्हास; आणि इंग्रजीतली डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, हेही मी तिला सांगितलं. ती अळूची पानं पुसत होती. "म्हणजे गांजाचं कापड," ती म्हणाली. पुढचे तीन दिवस घरात जे चाललं, ते पाहता तिची व्युत्पत्ती जास्त बरोबर होती.

शेजारच्या आबांनी तरुणपणी शिडाच्या होड्यांची शिडं शिवली आहेत. त्यांनी छपराची एक कड दोन बोटांत धरून ओढली. टरर्र करून हातभर शिवण उसवली. कापडाला काही झालं नाही.

"कापड नाय रे," ते म्हणाले. "दोरो म्हातारो झालो."

खरं होतं ते. उन्हानं आणि खाऱ्या हवेनं आधी मरतो तो दोरा. कापड बिचारं अजून दोन-चार हंगाम काढतं. म्हणजे फाटलं कुठंच नव्हतं, पण सगळीकडे शिवायचं होतं. दोन टाक्यांचे सोळा फूट गुणिले सात फूट झाले, आणि शिवाय पाइप ओवायच्या तीन आडव्या नळ्या. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, असं म्हणतात. ठिगळाचं मी बघून घेतलं असतं. इथं आभाळ शाबूत होतं आणि त्याच्या सगळ्या शिवणी गेल्या होत्या.

आधी ते गोड्या पाण्यानं धुवायचं, नाही तर मीठ मशीनच्या पोटात जातं. ओलं कॅनव्हास उचलून पाहिलंय कधी? पाहू नका. ऑगस्टात ते वाळायला दोन दिवस लागले. त्या काळात ते ओटीवर, पडवीत आणि शेवटी देवघराच्या दारात पसरलं होतं, आणि त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकानं माझ्या भाच्याचा उद्धार केला.

घरच्या मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये जागा असते जेमतेम वीतभर. त्या वितेतून सोळा फुटांचं छप्पर जायचं असतं. म्हणून अर्धं गुंडाळून त्याची वळकटी करायची आणि ती त्या वितेत कोंबायची. उरलेलं अर्धं डावीकडे. ते जमिनीवर सोडलं तर त्याच्या वजनानं सुई वाकते, म्हणून ते खांद्यावर. खाली पाय मशीन चालवताहेत, उजवा हात चाक फिरवतोय, डावा हात कापड सरकवतोय, मानेवर निम्मी बोट. खंडोबाच्या पालखीला एवढ्या माणसांची गरज का लागते, ते मला समजलं.

सोळा नंबरची सुई पहिल्याच दुमडीत गेली. काठाला कापडाचे चार पदर येतात, कोपऱ्यात आठ. आठ पदरांवर सुई टेकली की मशीन गुरगुरते, थांबते आणि "टक्". अठरा नंबरच्या सुया आणल्या. त्यांतल्या दोन गेल्या. दुकानदारानं तिसऱ्या पाकिटाच्या वेळी "वहिनी काय शिवतायत?" असं आदरानं विचारलं. मी "अभ्रे" म्हणालो.

सुई न मोडता चालली, तर टाके सुटायचे. चार टाके, मग बोटभर नुसता दोरा, मग चार टाके. मोबाइलवर एका गृहस्थांनी टेन्शन कमी करा म्हणून सांगितलं. मी मशीनचं कमी केलं. खालून दोऱ्याची शेवई निघाली. मग मला वाटलं, टाके बारीक घातले तर मजबूत होतील. आबा बघत होते. "पोस्टाचा तिकीट करतस?" ते म्हणाले. जाड कापडाला जवळजवळ भोकं पाडली की ते त्याच रेघेवर फाटतं. टाका लांब हवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात सुया मोडल्या होत्या आणि हातभर शिवण झाली होती. ही स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले, खाली वाकली.

"अहो, सुईची चपटी बाजू कुठं आहे?"

सुईला चपटी बाजू असते, ही माहिती कॅनॅबिसच्या मानानं फारच उपयोगी. सुई उलटी बसली की खालचं शटल दोरा धड पकडू शकत नाही. तिनं ती सरळ बसवली, चाक हातानं फिरवत आठ पदरांचा कोपरा टक्‌ न होता पार केला आणि आमटी उतू जाते म्हणून निघून गेली. दोन दिवस ती हे बघत होती. का बोलली नाहीस, असं मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

त्यानंतर मी सुटलो. पॉलिएस्टरचा जाड दोरा, लांब टाका, टाचण्यांच्या जागी कपड्यांचे चिमटे, कारण कॅनव्हासमध्ये टाचणीचं भोक म्हणजे पुढच्या गळतीची सोय. शिवणीवर मेणबत्ती घासून सुईची भोकंही बुजवली. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ अशा तीन वर्षांत उभा राहिला; माझं छप्पर तीन दिवसांत. किल्ल्याच्या पायात ओतलं तसं शिसं ओतायचं तेवढं राहिलं, असं मी भाच्याला फोनवर म्हणालो.

जेटीवर छप्पर चढवलं. पुढचा पाइप नळीत गेला. मागचा गेला. मधल्यासाठी भाचा आत हात घालून बराच वेळ चाचपडला. मग त्यानं बाहेरून पाहिलं.

"मामा, ह्या काय?"

मधली नळी मी बाहेरच्या अंगाला शिवली होती. पाइप कापडाच्या वर आला आणि कापड त्याला खालून लोंबकळायला लागलं, बाळाच्या झोळीसारखं. उसवायला गेलो तर उसवेना. शिवण फार पक्की झाली होती, आबासुद्धा मान्य करतात.

"ऱ्हवांदे," भाचा म्हणाला.

सप्टेंबरात परतीच्या सरी येतात. त्या झोळीत बादली-दीड बादली पाणी साचतं आणि लाट आली की खालच्या तिसऱ्या बाकावर एकदम ओततं. परवा आम्ही दोघं किल्ल्यावर गेलो. भाच्यानं मामीला पहिल्या बाकावर बसवलं. मला म्हणाला, "मामा, तुमची जागा मी राखून ठेवलंय."