‘सगळे शब्द सारखेच’ हे खरे नाही: संस्था, संघ, समिती आणि मंडळ यांविषयी

संस्था, संघटना, संघ, मंडळ, समिती, परिषद आणि सभा हे शब्द एकाच अर्थाचे असून कोणताही कुठेही वापरला तरी चालतो, असे सांगणारा एक मजकूर सध्या मोबाइलवरून मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. नोंदणी झालेली असेल तर ‘संस्था’ आणि नसेल तर ‘मंडळ’, एवढाच काय तो फरक आहे, असे त्यात पुढे म्हटले आहे. शिवाय हे सारे शब्द इंग्रजी अमदानीत भाषांतराच्या सोयीसाठी घडवले गेले, त्याआधी मराठी मुलखात संघटित गटांना नावेच नव्हती, असाही त्याचा दावा आहे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत. अनेक लोक आपल्या गटाची घटना आणि ठराव लिहिताना असे मजकूर प्रमाण मानतात, म्हणून त्यांचा प्रतिवाद तपशिलात जाऊन करणे मला आवश्यक वाटते.

हे शब्द एकाच अर्थाचे असते तर त्यांच्यासोबत येणारी क्रियापदेही एकच असती. सभा भरते आणि तहकूब होते. संस्था भरत नाही, ती काढावी लागते आणि मग चालवावी लागते. समिती नेमतात. संघटना बांधतात, आणि हे क्रियापद वापरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला त्यामागचे कष्ट ठाऊक असतात. पथक रवाना होते. ‘कामगारांची संघटना नेमली’ किंवा ‘चौकशीसाठी संस्था भरवली’ असे कोणी म्हटले, तर शाळकरी मुलालाही ते खटकेल. समिती म्हटली की तिच्यामागे तिला काम सोपवणारे कोणीतरी असते, संघटना म्हटली की समोर ज्याच्याकडे काही मागायचे आहे असा पक्ष असतो, आणि संस्था म्हटली की माणसे बदलली तरी टिकून राहणारी व्यवस्था अपेक्षित असते. हा फरक शब्दकोश उघडण्याआधीच बोलणाऱ्याच्या कानाला कळतो.

कायद्याने तर काही शब्द पक्के बांधूनच टाकले आहेत. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांचा समुदाय; तिचे सदस्यत्व निवडणुकीने मिळत नाही आणि निवडणुकीत हरल्याने जातही नाही. ग्रामपंचायत ही त्याच मतदारांनी निवडून दिलेली असते. तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद ही रचना महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमाने आली आणि १ मे १९६२ पासून अमलात आहे. ग्रामसभेचा ठराव ग्रामपंचायतीच्या नावावर लिहिला, तर चूक केवळ शब्दाची राहत नाही. ठराव करणारेच बदलतात.

सहकारात हा भेद आणखी स्पष्ट दिसतो. दूध घालणारे शेतकरी गावच्या दूध संस्थेचे सभासद असतात, अशा अनेक संस्था मिळून संघ होतो (कोल्हापूरचा ‘गोकुळ’ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ हे त्याचे ठळक उदाहरण), आणि राज्य पातळीवर दुधाचा महासंघ असतो. माणसांची संस्था, संस्थांचा संघ आणि संघांचा महासंघ अशी ही चढण आहे. महिला बचत गटांच्या रचनेतही गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ असेच टप्पे आहेत. गावातल्या बाईला ‘गटाची बैठक’ आणि ‘ग्रामसंघाची बैठक’ यांत कोणी कुठे बसायचे हे सांगावे लागत नाही.

अर्थात सहकाराबाहेर ‘संघ’ हा शब्द इतका काटेकोर राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघात सभासद माणसेच असतात आणि क्रिकेटचा संघ तर अकरा जणांचा. विशेषनामांत परंपरा आणि स्थापनाकर्त्यांची आवडही शिरते: महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३) आणि मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) यांच्या कामात नावाइतका फरक नाही. परंतु एका क्षेत्रात शब्द सैल आहे म्हणून तो सर्वत्र अर्थहीन आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. शब्दाचा नेमका अर्थ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या इतिहासातही दिसतो. १९४६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र परिषद होती; १९५६ मध्ये वेगवेगळ्या पक्षांनी आपले अस्तित्व कायम ठेवून एका मागणीसाठी आघाडी उभी केली, ती मात्र संयुक्त महाराष्ट्र समिती. विचारविनिमयाकडून कृतीकडे झालेला प्रवास मला या नावबदलात स्पष्ट दिसतो.

नोंदणीचा मुद्दा मात्र लवकर निकालात निघतो. गणेशोत्सवाची अनेक मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेली आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे शिक्षण मंडळ खास कायद्याने स्थापन झाले आहे. मंत्रिमंडळ तर संविधानातून येते आणि त्याची कुठे नोंदणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरून ठरते, नावातल्या शब्दावरून नाही.

राहिला इंग्रजी अमदानीचा दावा. त्या काळात काही शब्दांना नवा अर्थ मिळाला, हे खरे आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासदाने किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. म्हणजे ‘सभा’ या जुन्या शब्दात प्रतिनिधित्वाचा नवा आशय भरला गेला. पण शब्द जुनाच होता. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, जात आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी दस्तऐवज, होई. वारकऱ्यांच्या दिंड्या आणि फड यांना नाव, शिस्त आणि क्रम आहे, आणि त्यांपैकी एकही शब्द इंग्रजीवरून घेतलेला नाही.

त्याहूनही मागे जायचे, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत क्रमांक १० च्या लेण्यातला, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला लेख वाचावा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने लेणे भिक्षूंच्या संघाला दिले आणि त्यांच्या खर्चासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटित गटांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: त्यांपैकी २००० विणकरांच्या एका निकायाकडे (गटाकडे), दरमहा शेकडा एक दराने, आणि १००० दुसऱ्या निकायाकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) त्यातूनच द्यायचे होते. हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला गेला आणि नोंदला गेला, असेही लेखात म्हटले आहे. दान घेणारा संघ, पैसा सांभाळणारी श्रेणी आणि साक्षीला असलेली निगमसभा: लेख कोरवून घेणाऱ्याने यांपैकी एकाही शब्दाची जागा दुसऱ्याला दिलेली नाही.