साठ की सात?

आज सकाळी आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेनं बिनतारी सेट चालवणाऱ्यांच्या, ग्रुपवर एका पोरानं टाकलं, "हॅम लायसन्सला परीक्षा कशाला पाहिजे? फॉर्म भरा, फी भरा, कॉलसाईन द्या, विषय संपला." (कॉलसाईन म्हणजे रेडिओवरचं आमचं ओळखचिन्ह.) खाली धडाधड अंगठे. त्यात आमचे जुनेजाणते पण. डोकंच फिरलं. दुकान उघडून तासभर झाला तरी तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

२०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा पूर आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, लाईट नाही, टॉवर एकेक करून बंद. मी गच्चीवर ताडपत्रीखाली, गाडीची बॅटरी, टू मीटरचा, म्हणजे जवळपास बोलायचा, रेडिओ सेट आणि एक वही. नदीपलीकडच्या एका गावातून आमचा मित्र हँडसेटवर बोलत होता. त्याची बॅटरी संपत आलेली, आवाज तुटत होता. तो म्हणाला, "शाळेच्या गच्चीवर साठ माणसं." मी लिहिलं, सात.

परत विचारलं नाही. त्याची बॅटरी वाचवायची म्हणून "ओके, मिळालं" म्हणालो आणि बोटवाल्यांना निरोप दिला. सात माणसांसाठी एक लहान बोट गेली, आठजण घेऊन आली, आणि अंधार पडला. बाकीच्यांनी रात्र पावसात काढली. सकाळी सगळे सुखरूप आले, देवाची कृपा. पण ती रात्र माझ्या एका शब्दामुळं झाली.

आणि मी परीक्षा पास झालेला माणूस होतो! ओहमचा नियम तोंडपाठ, अँटेनाची लांबी मिनिटात काढून देणारा. माझ्या वेळी जनरलला, म्हणजे वरच्या वर्गाच्या लायसन्सला, मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) होता, मिनिटाला आठ शब्द, तोही काढला. पण खरखरीत निरोप घेऊन तो परत वाचून दाखवता येतो का, हे मला कुणी कधी विचारलंच नाही. म्हणून परीक्षा रद्द करा म्हणणाऱ्यांचा राग येतो. अरे, आहे तीच अपुरी आहे!

"अमेरिकेत बघा," म्हणे. तिथं पहिल्या वर्गाला ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास, प्रश्नसंच सगळ्यांना खुला. २००७ पासून तर कुठल्याच वर्गाला मोर्स नाही. बरं मग? तिथल्या माणसाला आपल्या साठ आणि सातची भानगड माहीत आहे का? रेडिओवर आवाजाचा वरचा भाग कापला जातो. 'ठ' मधला हवेचा झोत खरखरीत विरतो, 'ट' आणि 'त' मधला फरकही पुसला जातो आणि कानावर 'त' पडतो. पुस्तक पाठ करून हे कळत नाही, कानाला सवयच लागते.

मोर्सचं म्हणाल तर मी हट्ट धरत नाही. रिस्ट्रिक्टेडला, म्हणजे खालच्या वर्गाला, मोर्स नव्हता, ते बरोबरच होतं. बारा वर्षांचं पोरगं परीक्षेला बसू शकतं, त्याला कशाला घाबरवायचं? थिअरीही हलकी करा, चालेल. परीक्षेच्या धास्तीनं चांगली पोरं पळतात, हेही खरं आहे, मान्य. पण दोन्ही वर्गांना दहा मिनिटांची प्रत्यक्ष परीक्षा घ्या. खरखर लावा, त्यात आकडे असलेला मराठी निरोप वाचा, उमेदवारानं लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा. बोलायच्या आधी थांबून ऐकतो का तेही बघा. एफएमवर, म्हणजे टू मीटरवर आम्ही बोलतो त्या पद्धतीत, दोघं एकदम बोलले की जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळतो, आणि गिळलेला माणूस कदाचित बुडत्या गावातला असतो. जनरलला पॉवर जास्त मिळते, आवाज जगभर जातो, तिथं याहून कडक घ्या.

माझे गुरू आता नाहीत. पूर ओसरल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो, गंगावेशीत. ओरडा बसणार म्हणून तयारीनं गेलो. त्यांनी पान बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आकडा फोडून घ्यायचा रे. सहा, शून्य. आणि परत म्हणून दाखवायचं. बॅटरी गेली तरी चालेल." एवढंच बोलले. मग काकूंनी चहा आणला. हे वाक्य मला पूर येण्याआधी सात वर्षं, परीक्षेच्या हॉलमध्येच ऐकायला मिळायला हवं होतं.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराचं वय काय असेल, एकोणीस-वीस. २०१९ ला तो शाळेत असणार. त्यानं ती गच्ची बघितलेली नाही.

भावा, तू हे वाचत असशील तर रविवारी सकाळी घरी ये. येताना वही-पेन घेऊन ये. सेट लावायचाच नाही. स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवू, मी आतल्या खोलीतून आकडे वाचतो, तू बाहेर बसून लिही. साठपासून सुरुवात करू.