घरच्या घरी आज्ञाधारक कुत्रा

कुत्रा आणलात, अभिनंदन. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून झाला असेल, नाव 'ब्रूनो' ठेवून झालं असेल (बिल्डिंगमधला तिसरा), आणि त्याला 'कुत्रा' म्हणणाऱ्या पाहुण्यांकडे डोळे वटारून बघणंही सुरू झालं असेल. आता राहिलं शिक्षण. पैसे घेऊन शिकवणारी माणसं असतात, पण आत्ताच त्यांच्या नादी लागू नका. एकच गोष्ट चारचौघांत, वरच्या पट्टीत, पाच वेळा सांगितली की समोरच्याच्या डोक्यात शिरते, ही आपली घरगुती पद्धत मुलांवर वापरून झालेलीच आहे. मुलांचं काय झालं ते सोडा.

पहिली गोष्ट भाषेची. आज्ञा इंग्रजीतच द्यायची. घरात एकमेकांशी मराठी, वॉचमनशी हिंदी, देवाशी संस्कृत आणि कुत्र्याशी इंग्रजी, ही वाटणी आपल्याकडे कधीच ठरून गेलेली आहे. आयुष्यात कुणाला 'नो' न म्हटलेल्या आजीसुद्धा कुत्र्याला 'नो म्हणजे नो!' असं बजावतात. मात्र सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा, असला कोतेपणा नको. तुम्ही 'सिट' म्हणा, बायकोने 'सिट डाउन', मुलीने 'सिट ना बेबी', आजीने 'बस की रे मेल्या', आणि मावशींनी पोछा हातात घेऊन 'ए, सरक'. 'डाउन' हा शब्द तर फारच गुणाचा आहे. तो सोफ्यावरून उतरवायला वापरा, पाहुण्यांच्या अंगावरून खाली ओढताना वापरा आणि जमिनीवर आडवं हो म्हणतानाही वापरा. कुत्रा आधीच जमिनीवर उभा असताना 'डाउन' म्हटलंत तर तो जो चेहरा करतो, तो फोटो काढून ठेवण्यासारखा असतो.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२२ साली १८ कुत्र्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं, की ओळखीची भाषा कोणती आणि अनोळखी कोणती, हा फरक कुत्र्याच्या मेंदूला कळतो. म्हणजे तुमच्या घरात भाषा बदलल्याचं ब्रूनोला बरोबर कळतंय. पाच माणसं पाच तऱ्हेने एकच गोष्ट मागतायत, ही बातमी तेवढी त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. मेरठला लष्कराच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण चालतं, आपल्या दख्खनच्या मुधोळ हाउंडची पिल्लंही तिथे गेलेली आहेत. तिथे कुत्र्याला ठरलेला हँडलर असतो आणि आज्ञा त्याचीच चालते. त्यांचं काय, त्यांच्याकडे सरहद्द आहे. तुमच्याकडे एकत्र कुटुंब आहे.

आज्ञा एकदा देऊन थांबू नका. थांबलात तर कुत्रा आपल्या आपण विचार करून बसायचा, आणि मग तुमचं काम काय उरलं? 'सिट. सिट. ब्रूनो, सिट. अरे सिट ना. सिट म्हटलं ना!' असं सलग चालू द्या. यातून तो काय शिकतो ते निरखून पाहा. पहिले चार 'सिट' म्हणजे नांदी. पाचव्याला बाबांचा आवाज फाटतो, मग हात खिशात जातो, मग बिस्किटाचा पुडा चुरचुरतो, आणि चुरचुरला की बूड टेकायचं. हा क्रम तो सहसा चुकवत नाही. लोक त्याला हट्टी म्हणतात. इतकं काटेकोर पाठांतर करणाऱ्याला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे. थोड्याच दिवसांत तो पुढची पायरी गाठेल: आधी पुडा दाखव, मग बसतो. पुडा नसेल तर तो तुमच्या रिकाम्या हाताकडे, ठेकेदार चेक मागताना बघतो तसा, एकदा बघेल आणि निघून जाईल.

तुमचा शब्दावर फारच विश्वास असेल, तर पुढचा प्रयोग चुकूनही करू नका. नेहमीसारखे त्याच्यासमोर उभे राहा, नेहमीसारखी तर्जनी वर करा, जरासे पुढे वाका आणि नेहमीच्याच सुरात म्हणा, 'बटाटा'. ब्रूनो बहुतेक बसेल. आता त्याच्याकडे पाठ करा, हात मागे बांधा आणि खणखणीत 'सिट' म्हणा. तो उठून तुमच्यासमोर येईल आणि साहेबांना काही हवंय का, अशा नजरेने तोंडाकडे बघेल. बर्लिनमध्ये एके काळी 'हुशार हान्स' नावाचा घोडा होता. बेरीज घातली की खूर आपटून उत्तर द्यायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली उलगडा केला: घोड्याला गणित येत नव्हतं, उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हलायचं, आणि ते टिपणं घोड्याला येत होतं. मालकाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही. तुम्ही ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावून 'सिट' म्हणत राहाल, आणि कुत्रा मोबाइलच्या मागे कोण लपलंय ते हुंगत राहील.

मग येतं 'शेकहँड'. मराठी घरात कुत्र्याला 'थांब' यायच्या आधी शेकहँड यायलाच हवं. बोलावल्यावर येत नाही, चपला खातो, लिफ्टमध्ये मुततो, तरी हरकत नाही. पाहुणे आले की 'दे, शेकहँड दे काकांना' हे जमलं पाहिजे. हे तो चटकन शिकतो, कारण यात बिस्किट मिळतं आणि वर टाळ्याही पडतात. मग एके दिवशी काका सोफ्यावर बसून पोह्यांची बशी मांडीवर घेतात. ब्रूनो समोर येतो. कुणी काही म्हटलेलं नसतं. तो बसतो, पंजा उचलतो आणि पोह्यांत ठेवतो. काही घडलं नाही म्हणून दुसरा पंजा देतो. तेही फुकट गेलं म्हणताच आडवा होतो, लोळतो, उठून पुन्हा बसतो. येतं तेवढं सगळं त्याने तीस सेकंदांत करून दाखवलेलं असतं. खोबरं, कोथिंबीर आणि शेंगदाणे काकांच्या पँटवर. तुम्ही म्हणायचं, 'त्याला तुम्ही फार आवडलात.'

बोलावण्याचा धडा मोकळ्या मैदानात घ्या, घरात तयारी न करता, आणि आजूबाजूला निदान दोन मांजरं आणि एक भेळवाला असताना. पट्टा सोडा. तो धूम पळेल. तुम्ही 'ब्रूनो, कम! कम हिअर!' करत मागे धावा. कुत्र्याच्या दृष्टीने हा खेळ त्याने सुरू केलाय आणि तुम्ही उत्साहाने भाग घेताय. 'कम' म्हणजे 'पळ, मी आलोच', एवढा अर्थ त्याच्या मनात पक्का होतो. शेवटी दमून तो आपल्या पायांनी तुमच्याकडे येईल. हा क्षण वाया घालवू नका. लगेच पाठीत एक रट्टा द्या. पळाला त्याचा रट्टा तो आला म्हणून बसला, हे तुमच्या लक्षात येणार नाही, त्याच्या येईल. शिवाय 'कम' हा शब्द आंघोळ, नखं, औषध आणि डॉक्टर या चारच प्रसंगांसाठी राखून ठेवा. महिन्याभरात 'कम' ऐकताच तो पलंगाखाली सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जाऊन बसेल. तिथून त्याला बाहेर काढायला बायकोने नुसतं फ्रिजचं दार उघडावं.

कौतुक करताना मोबाइलवरून नजर काढू नका. कंटाळलेल्या आवाजात 'हं, गुड बॉय' म्हणा, झालं. बुडापेस्टच्याच मंडळींनी २०१६ साली १३ जाग्या कुत्र्यांना स्कॅनरमध्ये पडून राहायला लावून पाहिलं होतं: कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही एकत्र आले, तरच मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र जागं झालं. नुसता शब्द पुरला नाही आणि नुसता लाडिक आवाजही पुरला नाही. माझं लक्ष मात्र त्या निष्कर्षापेक्षा दुसरीकडेच जातं. ते कुत्रे त्या धडधडणाऱ्या यंत्रात, न बांधता, न हलता पडून राहिले. आणि इथे एक नख कापायचं तर चार माणसं, एक चादर आणि शेजारचे दादा लागतात.

भुंकणं थांबवायचा उपाय सोपा आहे: त्याच्याहून मोठ्याने ओरडा. 'शट अप! ए गप्प! ब्रूनोऽऽ!' त्याला वाटतं, चला, आज बाबाही साथीला आहेत. त्यात पार्सलवाला रोज येतो, ब्रूनो भुंकतो, पार्सलवाला डबा देऊन निघून जातो. ब्रूनोच्या हिशेबी त्याने आजवर शेकडो दरोडेखोर पळवून लावलेत आणि अजून एकही आत शिरू शकलेला नाही. असा रेकॉर्ड असलेल्याला तुम्ही गप्प बसायला सांगताय.

न शिकवता तो जे शिकतो त्याचं काय करायचं, हा वेगळा विषय. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण त्यांचे कुत्रे अन्न यायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाला बघून लाळ गाळायचे, आणि प्राणी खुणांवरून कसे शिकतात याचं पुढचं सगळं संशोधन तिथून निघालं. तुमच्या ब्रूनोने तसाच घरभर अभ्यास केलेला असतो. चपलांच्या कपाटाचं दार, दह्याच्या डब्याचं झाकण, सोलाण्याखाली काकडीचा आवाज. 'वॉक' म्हटलं की दारापाशी धिंगाणा, म्हणून तुम्ही स्पेलिंग म्हणू लागता. आठवड्यात त्याला स्पेलिंग येतं. मग आजोबा 'सायंकालीन भ्रमण' सुचवतात. तेही चार दिवस टिकतं. तिकडे कुणी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या चेसर या बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीचं उदाहरण देईलच: १०२२ खेळण्यांची नावं तिला येत होती. खरं आहे, २०११ साली ते रीतसर प्रसिद्धही झालं. पण तिला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि त्यांनी रोज चार-पाच तास असे तीन वर्षं दिले. तुम्ही जाहिरातींच्या मध्यंतरात शिकवताय.

'सोड' किंवा 'ड्रॉप इट' शिकवायचं असेल तर चपलेपासून सुरुवात करा. तोंडात चप्पल दिसली की घाबरून बिस्किट दाखवा. तो चप्पल सोडेल, बिस्किट खाईल, आणि जाऊन दुसऱ्या पायाची घेऊन येईल. घरात मोजे, रिमोट, आजोबांची कवळी असा माल भरपूर असल्याने हा धंदा मंदीत येत नाही.

एवढं झाल्यावर ट्रेनर बोलवा. तो आठवड्यातून तीनदा येईल, एकदाच 'सिट' म्हणेल आणि ब्रूनो टाइल्सवर बूड आपटून बसेल. तुम्ही दाराआडून बघत राहाल. ट्रेनर तुम्हालाही शेजारी उभं राहून सराव करायला सांगेल. तेव्हा तुमचा नेमका फोन येऊ द्या. कोर्स संपेल, कुत्र्याला सगळं येईल, पण ट्रेनरसमोर, हॉलमध्ये, सतरंजीच्या उजव्या बाजूला. गॅलरीत तेच म्हटलंत तर त्याला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटेल, कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागीही लागू असतं, हे कुत्र्याला वेगळं शिकवावं लागतं.

जाता जाता ट्रेनर दाराच्या कडीला एक घंटी बांधून जाईल. शू लागली की ब्रूनोने नाकाने घंटी वाजवायची, तुम्ही लगेच त्याला खाली न्यायचं. हे मात्र दोन दिवसांत जमतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेतीनला घंटी वाजते. तुम्ही पायजम्यावर पट्टा घेऊन उतरता. ब्रूनो कंपाउंडला एक फेरी मारतो, वास घेतो, चांदणं बघतो, शूबिचं काही नाव नाही. वॉचमन खुर्चीतून उठून गेट उघडतो आणि विचारतो, 'क्या साब, आज फिर बुलाया?'